चुकीच्या वेगाची बाजू



जुन्या रेकॉर्ड प्लेअरवरचा वेगाचा खटका आठवतोय? 16, 33, 45, 78. पंचेचाळीसची तबकडी 78वर लावली की गायिकेची चिमणी व्हायची आणि 16वर लावली की घसा बसलेला राक्षस. आमच्या घरी या उद्योगाला धपाटे मिळत. जर्मनीत 1973 साली दोघांनी नेमका हाच उद्योग करून अर्धा अल्बम भरला.

ड्युसेलडॉर्फचे क्लाउस डिंगर आणि मिखाएल रोटर. क्राफ्टवर्कमधून बाहेर पडून दोघांनी 1971 साली ‘नॉय!’ सुरू केलं. नॉय म्हणजे नवं. ‘नॉय! 2’ या दुसऱ्या अल्बमचं काम अर्ध्यावर आलं आणि पैसे संपले. मग त्यांनी आपलीच आधी निघालेली छोटी तबकडी, ‘नॉयश्ने’ आणि ‘सुपर’ या दोन गाण्यांची, प्लेअरवर ठेवली, खटका कधी 78वर तर कधी 16वर सरकवला आणि जे वाजलं ते टेपवर घेतलं. एका तुकड्यात तर कॅसेट प्लेअर टेप खातोय असं वाटतं. अनेकांनी याला सरळ फसवणूक म्हटलं. मला मात्र यात कंगालपणापेक्षा खोडसाळपणा जास्त दिसतो.

पुढे ‘नॉय!’चे अल्बम बाजारातून गेले आणि नव्याने काढण्याबाबत दोघांचं जमेना. त्या पोकळीत चोरट्या सीड्या फिरल्या, चक्क वाजवून झालेल्या तबकडीवरून उतरवलेल्या. रीतसर आवृत्ती आली ती 2001 साली, गायक हर्बर्ट ग्रोनेमायर यांच्या ग्रोनलांड कंपनीकडून.

रीइश्यू विकत घेताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा: मूळ टेप मिळाली होती का? ती असेल तर तिच्यावरून लॅकरचा थर दिलेल्या थाळीवर नवी खाच कोरतात, त्या थाळीवर निकेल चढवून ठसा काढतात आणि ठशाखाली गरम प्लास्टिक दाबतात. टेप नसेल तर कुणाच्या तरी घरातल्या तबकडीवर पिन ठेवावी लागते आणि त्या घरातली खरखरही सोबत येते. वेष्टनावर 180 ग्रॅम लिहिलेलं असलं तरी तो वजनाचा आकडा आहे, आवाजाचा नव्हे.

दुसरी अडचण खाचेतच आहे. 33च्या तबकडीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा. काठाशी तेवढ्या वेळात पिनेखालून सुमारे 90 सेंटिमीटर खाच जाते, मधल्या लेबलापाशी चाळिसाच्याही आत. तेवढंच संगीत अर्ध्याहून कमी जागेत कोंबलं की आवाज चरचरतो. इटलीच्या म्युझिओ रोझेनबाखचा 1973चा ‘झराथुस्त्रा’ घ्या. एक बाजू भरून, वीस मिनिटांहून लांब एकच रचना, आणि तिचा चढता शेवट नेमका या अरुंद गल्लीत! मुखपृष्ठावरच्या चित्रजुळणीत मुसोलिनीचा पुतळा डोकावत होता. त्यावरून गहजब झाला, बँड फुटला. आज तोच अल्बम पुनःपुन्हा निघतो.

आवाज स्वच्छ करणारी यंत्रं आता पिनेचा प्रत्येक टकटकाट पुसू शकतात. ‘नॉय! 2’ची दुसरी बाजू त्यांच्या हाती दिली, तर ती बिचारी काय ठेवतील आणि काय पुसतील?