दडून बसणारा दोष



यंत्रातील दोष दोन प्रकारचे असतात. तार तुटली किंवा फ्यूज जळाला की यंत्र थांबते आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबलेलेच राहते. असा दोष शोधण्यास सामान्य कौशल्य पुरते. दुसरा प्रकार चकवा देणारा. तो भर रस्त्यात गाडी थांबवतो आणि गाडी गॅरेजपर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाहीसा होतो. मोटारीच्या इंधनयंत्रणेतील विजेचे दोष पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असतात. कारागिराची खरी परीक्षा तेथेच होते.

आपल्या देशातील मोटारींमध्ये या दोषाचे प्रमाण गेल्या काही दशकांत वाढले. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनच्याच गतीवर चाले. त्याला विजेची गरज नव्हती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील नव्या खाजगी मोटारींना युरो निकष बंधनकारक केले. पुढे निकष कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा देशभर लागू झाला. या वाटचालीत कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंधन फवारणारी यंत्रणा आली. तिचा पंप बहुधा टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो विजेवर चालतो.

त्या विजेचा मार्ग ध्यानात ठेवावा. बॅटरीपासून फ्यूज, तेथून रिले, तेथून लांब तारेने पंप, आणि पंपापासून अर्थच्या तारेने गाडीच्या सांगाड्याला. रिलेला हुकूम संगणक देतो. इंजिनचा मुख्य दंड फिरत असल्याचा संकेत मिळत राहिला तरच हा हुकूम कायम राहतो. अपघातात इंजिन थांबले तर पेट्रोलचा प्रवाहही थांबावा, हा त्यामागील हेतू. किल्ली फिरवताच टाकीतून सुमारे दोन सेकंद जो घूं असा आवाज येतो, तो याच पंपाचा.

आता एक उदाहरण घेऊ. मे महिन्याची दुपार. गाडी चाळीस मिनिटे उत्तम चालते आणि एकाएकी बंद पडते. अर्धा तास झाडाखाली उभी राहिली की पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये तपासावे तो सर्व काही ठीक. अशा वेळी अनुमानाने पंप बदलला जातो. आठवड्याने गाडी पुन्हा थांबते. मग रिले बदलतो, मग आणखी काही. मालकाचा पैसा जातो, पण तेवढ्यावर भागत नाही. पुढच्या खेपेस ती गाडी घाटाच्या वळणावर किंवा रेल्वेच्या फाटकात थांबू शकते. म्हणून अनुमानाने केलेली दुरुस्ती नुसती महाग नसते, ती धोक्याचीही असते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे चालकाची विचारपूस. दोष उन्हात येतो की पावसात? खड्ड्यात गाडी आदळल्यावर येतो का? टाकीत पेट्रोल किती होते? पेट्रोलनेच पंपाची मोटर थंड राहते. टाकी रिकामी होत आली की ती तापते. इंजिनचे फेरे दाखवणारा काटा क्षणात शून्यावर पडला की हळूहळू उतरला? बऱ्याच गाड्यांत काटा क्षणात पडला तर संशय दंडाच्या गतीचा संकेत देणाऱ्या संवेदकावर जातो. हळूहळू उतरला तर पंपाच्या वाटेवर.

दुसरी पायरी म्हणजे दोषाला बोलावणे. रिलेला केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब द्यावी, तारांचे जुडगे हलवून पाहावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट करावी. रिलेच्या आतील डाखाला केसाएवढी चीर असली तर ती तापल्यावर उघडते आणि निवल्यावर मिटते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर तारांचे वेष्टन कुरतडतात.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. दोष हजर असतानाच मोजमाप घ्यावे. लांब तारांनी मीटर पंपाच्या टोकांना जोडून तो चालकाशेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा आणि गाडी रस्त्यावर न्यावी. गाडी थांबताच किल्ली पुन्हा फिरवून आकडा पाहावा. पंपाच्या दोन्ही टोकांमध्ये पुरेसा दाब असून पंप गप्प असेल तर दोष पंपाचा. वीज येतच नसेल तर रिले, तारा आणि संगणकाचा हुकूम यांकडे मागे मागे जावे. वीज येते आणि अर्थच्या टोकावरही तितकेच व्होल्ट दिसतात, तर अर्थची तार सुटलेली आहे.

येथे एक फसगत टाळावी. पंपाची जोडणी सोडवून मीटर लावला की तो बारा व्होल्ट दाखवतो आणि कारागीर निश्चिंत होतो. पण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. समजा पंप ५ अँपिअर ओढतो आणि गंजलेल्या सांध्याचा अवरोध १ ओहम आहे. ओहमने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे ५ व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतात. चालत्या गाडीतील सुमारे १४ व्होल्टांपैकी पंपाला उरतात ९. म्हणून भार चालू ठेवूनच मोजावे.

सावधगिरीचे दोन शब्द. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. एक ठिणगी पुरते. नळी सोडवण्यापूर्वी तिच्यातील दाब उतरवावा. दुसरे, रिले वगळून पंपाला थेट वीज देण्याची युक्ती कायमची कधीच ठेवू नये. तिने अपघातात पेट्रोल रोखणारी व्यवस्थाच नाहीशी होते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी त्याच उन्हात, त्याच अंतरापर्यंत चालवून पाहावी. काढलेला रिले गॅरेजच्या आवारातच पुन्हा बसवून तापवला आणि दोष परतला, तर निदान सिद्ध झाले. दोष सापडलाच नाही तर पावतीवर तसे स्पष्ट लिहावे, आणि गाडी केव्हाही थांबू शकेल हे मालकाला सांगावे. न बिघडलेला पंप बदलून दिलेल्या निश्चिंतीपेक्षा ही सूचना त्याच्या अधिक उपयोगाची आहे.