भार आणि धक्का

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं नाव जाहीर झालं की लोकांना वाटतं, आता हा गृहस्थ गझल ऐकवणार. आज कविता नाही. आज मी तुम्हाला जीपचे पाटे आणि शॉकअप बदलण्याची गोष्ट सांगणार आहे. कवीला ही उठाठेव कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आयुष्यात ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त लाज वाटली, ती चूक कवितेतली नव्हती, या पाट्यांतलीच होती.

पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला आमचं थोडं रान आहे, तिथंच घर. शेवटचे चार किलोमीटर तांबड्या मातीचा रस्ता, मध्ये एक ओढा. पावसाळ्यात तिथं साधी गाडी येत नाही. म्हणून मी आणि थोरल्या भावानं मिळून लिलावात एक जुनी जीप घेतली. उंच बॉनेटची, चारही चाकांनी ओढणारी. फोर-व्हीलचा दांडा टाकला की चिखलातून म्हशीसारखी निवांत वर येते.

या जीपचा इतिहासही गमतीचा आहे. आपल्याकडे तिची जुळणी मुंबईत १९४७ साली सुरू झाली. ती करणारी कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये नावातला मोहम्मद गेला आणि त्या जागी दुसरा महिंद्रा आला. आमचे मिस्त्री मला चिडवतात, "शायर, नावातला गेला म्हणून काय झालं? पाना धरायला तुम्ही आहातच की!"

तर आता पाट्यांकडे येऊ. जुन्या जीपला पुढं-मागं पोलादी पाट्यांची कमान असते. एकावर एक पट्ट्या, लांब पट्टी एका टोकाला, मग आखूड, आणखी आखूड. सगळ्यात लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे. एक डोळा चेसिसला पक्का, दुसरा हलत्या शॅकलला. कारण भार पडून कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते, त्या लांबीला कुठंतरी जागा लागते.

माझे वडील टांगा चालवायचे. टांग्यालाही असेच पाटे होते, शॉकअप मात्र नव्हते. पट्ट्या एकमेकींवर घासायच्या, त्या घासण्यानंच उसळी थोडीफार मरायची. घोड्याच्या चालीला तेवढं पुरत होतं. इंजिनाच्या वेगाला ते पुरत नाही. तिथं शॉकअप लागतो. त्याच्या नळीत तेल असतं, दट्ट्या असतो आणि तेलाला जायला बारीक भोकं असतात. चाक उसळलं की ते तेल त्या भोकांतून मुश्किलीनं वाट काढतं, आणि उसळीचं बळ उष्णता होऊन निघून जातं. म्हणून खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला जपून हात लावून बघावा. बाकीचे गरम आणि एकच थंड असेल, तर तो थंड मेलेला समजावा.

थोडक्यात, भार पाटा उचलतो आणि धक्का शॉकअप गिळतो. हे दोन वाक्यांतलं ज्ञान मला वेळेवर नव्हतं.

झालं असं, की खताची आणि भाताची पोती वाहून आमची जीप मागून बसली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, तर उजवी बाजू डावीपेक्षा दोन बोटं खाली. मिस्त्री म्हणाले, "पाटे थकलेत आणि शॉकअप गळतायत. दोन्ही बदला." मी बाजार समितीतला कारकून. खिशाकडे बघितलं आणि स्वस्तातला मार्ग काढला. मागं दोन्हीकडे एकेक जादा पाटा घालून घेतला. जीप ताठ उभी राहिली. मी खूश. शॉकअप पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, करत राहून गेले.

त्याच पावसाळ्यात अम्मा अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन झालं. सोडलं त्या दिवशी रुग्णवाहिका गावाच्या फाट्यापर्यंत आली. पुढच्या चिखलात शिरायला ड्रायव्हरनं हात जोडले. मग अम्माला गाद्यांसकट आमच्या जीपमध्ये मागं निजवलं. भाऊ चालवत होता, मी तिचा पाय धरून बसलो होतो.

ते चार किलोमीटर मी विसरणार नाही. खड्डा एक आणि उसळ्या तीन. अम्मा ओरडली नाही. हूडचा लोखंडी दांडा मुठीत धरून डोळे मिटून पडली होती. ओढ्यापाशी भावानं गाडी थांबवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, या गाडीला सांग, मी पोतं नाही."

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी मिस्त्रींकडे गेलो. ते रागावले नाहीत. जीपचा मागचा कोपरा त्यांनी अंगाचा भार देऊन दाबला आणि सोडला. धड शॉकअप असेल तर गाडी वर येते आणि थांबते. आमची झुलत राहिली. मिस्त्री म्हणाले, "पोत्यांसाठी पाटा कडक केलात, म्हणून माणसाच्या वजनाला तो वाकत नाही. आणि वाकलाच तर परत उसळताना त्याला धरायला कुणी नाही. ताकद वाढवलीत शायर, शांत करणारा ठेवला नाहीत."

या वेळी उसनवारी केली, पण काम पुरं करायचं ठरवलं. मागचे दोन्ही पाट्यांचे संच नवे, मूळ मापाचे. दोन्ही शॉकअप नवे. एका बाजूचंच बदलायचं नसतं. नाहीतर एक खांदा ताजा, एक थकलेला, आणि वळणावर गाडी कलते.

आदल्या रात्रीच गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडून ठेवलं. सकाळी कठीण, सपाट जागा बघून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. आमच्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, गिअरपेटीमागच्या दांड्यावर असतो. एक मागचं चाक उचललं की तो ब्रेक धरेनासा होतो आणि गाडी चालू लागते. म्हणून दगड. मग चेसिस दोन लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी शिरू नये, कितीही घाई असली तरी.

आधी शॉकअप उतरवले, मग यू-बोल्ट, मग ॲक्सल थोडा खाली घेऊन शॅकलच्या पिना. नवा पाटा चढवताना मिस्त्रींनी मला आत वाकून बघायला लावलं. पाट्याच्या मधल्या बोल्टाचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात नीट बसलं पाहिजे. नाही बसलं तर ॲक्सल तिरका राहतो आणि जीप खेकड्यासारखी चालते. यू-बोल्टही नवेच घातले. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढा धरेलच असं नाही. नवे शॉकअप उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून दाबले, म्हणजे आतली हवा निघते. पाटा पूर्ण खाली लोंबला तरी शॉकअपची लांबी पुरते ना, तेही मोजलं. अपुरा शॉकअप स्वतःच ताण खातो आणि तुटतो.

शेवटची गोष्ट मला फार आवडली. डोळ्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना मिस्त्रींनी सैलच ठेवले. चाकं जमिनीवर आली, गाडीचा भार पाट्यांवर बसला, मग आवळले. हवेत आवळले तर भार आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

दीड महिन्यानं अम्माला तपासणीसाठी कराडला न्यायचं होतं. तिनं जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता चढली. तोच रस्ता, तेच खड्डे. गाडी खाली जायची, वर यायची आणि थांबायची. ओढा ओलांडल्यावर मी मागं वळून पाहिलं. अम्मा झोपली होती. तिचा हात दांड्यावर नव्हता, मांडीवर होता. माझ्या कुठल्याही कवितेला एवढी मोठी दाद मिळालेली नाही.

दोन-तीनशे किलोमीटर झाले की परत या, यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. नवे पाटे एकमेकांवर बसतात, तेव्हा बोल्ट थोडे ढिले पडतात. या वेळी मी पुढच्या महिन्यावर ढकललं नाही. कराडहून परतताना वाटेतच जीप त्यांच्या दारात उभी केली. चारही बोल्ट थोडे थोडे फिरले. अम्मा गाडीतच बसून होती. तिनं विचारलं, "काय रे, परत बिघडली?"

मी म्हटलं, "नाही अम्मा. बिघडू नये म्हणून आलोय."