इंग्रजी कोणाची?



इंग्रजीच्या शिक्षकांच्या पुण्यातल्या या संमेलनाचा मी स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्षानं मांडव, पाणी आणि जेवणाकडे बघावं, विद्वत्ता पाहुण्यांवर सोपवावी, हा रिवाज मला मान्य आहे. तरीही भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंची आठवण काढल्याशिवाय सुरुवात करवत नाही.

१९३२ साली श्रीनगरला जन्मलेले काचरू एडिंबरोला भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांच्याकडे पीएच.डी. करायला गेले आणि विषय घेतला भारतीय इंग्रजीचा! आपल्याकडचे भलेभले तेव्हा साहेबी उच्चार घोटवत होते. काचरूंनी आपल्या लेखकांची, वर्तमानपत्रांची इंग्रजी तपासली. 'लाठीचार्ज' घ्या. अर्धा शब्द आपला, अर्धा त्यांचा. बातमीत तो दिसला की मोर्चा, पोलीस, पळापळ, रस्त्यावर पडलेल्या चपला, सगळं आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं. 'ब्रदर-अनॉइंटिंग सेरेमनी' हा प्रयोगही त्यांनी नोंदवला. बहीण भावाला ओवाळते ते घर माहीत असेल, तरच त्याचा अर्थ लागणार. अशा शब्दांना चुकांच्या वहीत टाकायला काचरू तयार नव्हते.

पुढे इलिनॉय विद्यापीठात त्यांची हयात गेली. १९८५ साली त्यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: आत ब्रिटन-अमेरिका, जिथे ती मातृभाषा; बाहेर भारत-नायजेरिया, जिथे ती दुसरी भाषा; त्यापलीकडे चीन-जपान, जिथे ती परकी भाषा. बाहेरच्या वर्तुळातल्या इंग्रजीला अशी मान्यता देणं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ रँडॉल्फ क्वर्क यांना रुचलं नाही. शिकवताना प्रमाण इंग्रजीच हवी, असा त्यांचा आग्रह. १९९०-९१मध्ये दोघांची चांगलीच जुंपली. मी काचरूंच्या बाजूचा, पण नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलाला क्वर्क यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही, हे तुम्ही रोज पाहता. शिवाय वर्तुळं देशांची आहेत. एकाच जिल्ह्यातल्या कॉन्व्हेंटची आणि आश्रमशाळेची इंग्रजी त्यांत कुठे बसवायची? वाद व्हायला हवा तो इथे.

याच काचरूंनी आपल्या मातृभाषेचं, काश्मिरीचं, व्याकरणही लिहिलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या पत्नी यमुना काचरू याही भाषाशास्त्रज्ञ. हिंदीच्या व्याकरणावरचं त्यांचं काम मोठं. त्या शिकल्या आपल्या डेक्कन कॉलेजात, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. बाहेरगावच्या मंडळींनी सवड काढून तिथे जरूर चक्कर मारावी.

जेवण एक वाजता आहे. वक्त्यांनी वेळ पाळली तर भाकरी गरम मिळेल. अध्यक्षमहोदयांना विनंती करतो, त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.