माणग्याची शेती

विलायतेतील लहान शेतकरी टोपल्यांसाठी विलोच्या फांद्या पिकवतो. आपल्याकडे तो मान बांबूचा, आणि त्यातही कोकणातील कुंपणाकुंपणांवर उभ्या असलेल्या, काटेविरहित व जवळजवळ भरीव अशा माणग्याचा, ज्याच्या लागवडीविषयी बेंगळुरूच्या मल्लेश्वरम् भागातील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने संशोधन केले आहे.

माणग्याचे बी सहसा मिळत नाही, म्हणून कंद अथवा पेरांचे तुकडे लावून रोपे सिद्ध करावी लागतात. तोडीत मात्र धीर हवा: कोवळे कोंब राखून तीन वर्षांचे परिपक्व वासे तेवढे काढावेत; पैशाच्या निकडीने सरसकट बेट कापणारा स्वतःच्याच भांडवलाला हात घालतो.

विक्रीची अडचण निराळी. बांबू वस्तुतः गवत, परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्यास वृक्षांत गणले, आणि त्यापायी स्वतःच्या जमिनीतील माल बाजारात नेण्यासही अनेक ठिकाणी वनखात्याचा परवाना व त्यापाठोपाठचे हेलपाटे आले. बांबू हे गवत आहे, ही वनस्पतिशास्त्रास केव्हाच ठाऊक असलेली गोष्ट सरकारी दफ्तरी दाखल व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले. आता बुरुडांबरोबरच, ज्यांस कर्नाटकात मेदार म्हणतात, फर्निचर करणारे कारागीरही भरीव वासा पसंत करतात. तेव्हा त्यांस कोणती जाडी हवी, याची विचारपूस लावणीपूर्वीच करावी.