जागा मागणाऱ्याचीच कोंडी

संगणक बंद पडणे निराळे आणि गोठणे निराळे. गोठलेला संगणक पडद्यावरचे सारे जसेच्या तसे ठेवून गप्प बसतो, आणि डिस्कवर अजून न उतरलेले लिखाण वीज तोडताच जाते. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, उद्भवणाऱ्या अशा एका गोठण्याविषयी आज बोलायचे आहे.

मेमरी भरत आली की कर्नल जुनी पाने रिकामी करू लागतो. पान म्हणजे बहुधा 4 किलोबाइटचा तुकडा. पण ज्या पानांत बदल झाले आहेत, ती आधी डिस्कवर उतरवायला हवीत ना? ते काम फाइलव्यवस्थेचे. आता समजा, तिनेच आपले कुलूप लावून घेतले आहे आणि काम अर्ध्यावर असताना तिला थोडी मेमरी लागली. कर्नल म्हणतो, ‘थांब, जागा करतो,’ आणि जागा करायला जातो कुठे, तर तिच्याच दारी! कोठीतली पोती हलवायला वही हवी, आणि वही काखेत मारून कारकून स्वतःच जागेसाठी रांगेत उभा, तशातली गत.

उपाय असा की, मागणाऱ्यानेच बजावायचे, ‘जागा करा, पण फाइलव्यवस्थेला हात लावू नका.’ या खुणेचे नाव जीएफपी-नोएफएस. मात्र जो तो असेच बजावू लागला, तर कर्नलने जागा काढायची कुठून? शिवाय एका फंक्शनमधून दुसऱ्यात जाताना खूण पुढे द्यायची राहूनही जाते. म्हणून 2017 मध्ये, 4.12 या आवृत्तीत, कामावरच शिक्का मारण्याची सोय झाली. कुलूप सुटेपर्यंतच्या सगळ्या मागण्यांना तो आपोआप लागू होतो. मला हीच रीत शहाणपणाची वाटते. धोका कुलपात आहे, मागणीत नव्हे.

डिस्कवर लिहिणारा थर तर थोडी शिल्लक आधीच बाजूला काढून ठेवतो. डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ ठेवावेत, तशी.

जागा मुळीच निघेना, तर कर्नल एखादा कार्यक्रम ठार करतो. पण तो मरणाराच कुलपासाठी अडून बसला, आणि कुलूपवाला मेमरीसाठी, तर? 8 पानांपर्यंतच्या मागणीला कर्नल सहसा ‘नाही’ म्हणत नाही. पुन्हा पुन्हा खटपट करीत राहतो. दोघेही ताटकळतात. 2016 मध्ये, 4.6 आवृत्तीत, मिखाल होत्स्को यांनी लिहिलेला एक निराळा कामकरी आला. मरणाऱ्याच्या सुटकेची वाट न पाहता तो त्याची खाजगी पाने परस्पर काढून घेतो. यालाही एक कुलूप लागतेच; पण त्यासाठी तो अडून राहत नाही. 10 वेळा पाहतो, नाहीच मिळाले तर नाद सोडतो, आणि कर्नल दुसरा बळी शोधू लागतो.