घटस्फोटाचा निकाल, अपील आणि मुदत

(मंडळाच्या नागपूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वकील नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि सारे आयुष्य मुलांना व्याकरण व अंकगणित शिकविण्यात घालविले. तरीही आज कायद्याच्या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत. त्याचे कारण लाजिरवाणे आहे, ते प्रथमच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या समाजातील एका मुलीविरुद्ध जुलैच्या आरंभी घटस्फोटाचा हुकूमनामा झाला. वडिलांना अपील करावयाचे होते. आम्ही तेव्हा समेट-समितीत होतो. आम्हीच त्यांना म्हणालो, ‘‘घाई कशाला? पोळा होऊ द्या, मग दोन्हीकडची मंडळी बसवू.’’ पोळा झाला, एक बैठक झाली. गणपती आले, पितृपक्ष आडवा आला. दसऱ्यानंतरची बैठक मोडली. दिवाळी झाल्यावर पाहू असे ठरले. तुळशीचे लग्न लागले आणि पाठोपाठ जावईबुवांचे दुसरे लग्नही लागले! त्यात बेकायदेशीर असे काही नव्हते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या पंधराव्या कलमाप्रमाणे अपिलाची मुदत अपिलावाचून संपली की दोन्ही पक्ष विवाहास मोकळे होतात. पुढे विलंबमाफीचा अर्ज केला. परंतु ‘समाजाच्या बैठका चालू होत्या’ हे काही पुरेसे कारण ठरले नाही. बैठक कितीही थोरामोठ्यांची असो, मुदतीचा काटा तिच्यासाठी थांबत नाही.

ही मुदत किती? अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमाखाली पूर्वी तीसच दिवस मिळत. देशाची लांबी-रुंदी व पक्षकारांच्या अडचणी पाहता ही मुदत अपुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले आणि २००३ च्या दुरुस्तीने ती नव्वद दिवसांची झाली. मात्र कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ याच्या एकोणिसाव्या कलमात तीस दिवसच राहिले. कोणती मुदत खरी, असा वाद माजला. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये मिटविला : हिंदू विवाह अधिनियमाखालील निकाल कौटुंबिक न्यायालयाचा असला तरी अपिलास नव्वद दिवस. आमचा सल्ला विचाराल, तर मनात तीसच धरावेत.

निकाल लागताच पहिले काम म्हणजे प्रमाणित नकलेचा अर्ज. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत प्रत्येक पक्षाला विनामूल्य देण्याचे बंधन कायद्यानेच न्यायालयावर घातले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निकालाचा दिवस आणि नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. नकलेवर अर्ज केल्याची व नक्कल तयार झाल्याची तारीख असते; हिशेब त्यावरून होतो. तयार नक्कल कचेरीत पडून राहिली तर ते दिवस आपल्याच खाती पडतात. ज्याने अर्जच केला नाही त्याला वजाबाकी कसली?

अपील कोठे करावयाचे, यातही घोटाळा होतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाचा निकाल असेल तर अपील सरळ उच्च न्यायालयात जाते आणि ते दोन न्यायाधीशांपुढे चालते. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. १९३६ साली नागपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथे मुंबईचे खंडपीठ आले. सिव्हिल लाइन्समधील त्या भव्य इमारतीतच अपील दाखल होते. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथील वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर मात्र प्रथम जिल्हा न्यायालयात जावे लागते.

आपण गैरहजर असताना एकतर्फी निकाल झाला असेल, तर त्याच न्यायालयात तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्यास तीसच दिवस. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर ते तीस दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. उभयतांच्या संमतीने झालेल्या कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर अपीलच नाही. म्हणून सही करण्यापूर्वी चार वेळा वाचा.

अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. खाली जे सांगितले नाही, ते वर कोणी ऐकत नाही. पुण्याच्या दास्ताने खटल्याचे उदाहरण घ्या. लग्न १९५६ चे, सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मार्च १९७५ चा! मधल्या काळात दिवाणी न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय असे तीन जिने. अखेर क्रौर्य सिद्ध झाले, पण पतीने ते क्षमा केले होते असे ठरून त्याचे अपील फेटाळले गेले. एकोणीस वर्षांचा तो काळ आम्ही मनात मोजतो, तेव्हा आमचा ‘घाई कशाला’ हा शब्द आम्हालाच बोचतो.

खर्चाची धास्ती घेऊन भगिनींनी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

समेटास आमचा विरोध नाही. अपील दाखल करूनही समेट होतो. समितीला आम्ही एवढेच सुचविले, की बैठक बोलावण्यापूर्वी निकालाची तारीख विचारावी व ती वहीच्या पहिल्या रकान्यात लिहावी. मागील वर्षी तो रकाना आखला गेला. तो भरला जातो की नाही हे पाहावयास आम्ही दर रविवारी कचेरीत जाऊन बसतो.