आजीचं बालपण हाच पुरावा
(वारंगा फाटा येथील सभेतलं भाषण)



रझाकारांच्या धामधुमीत आमच्या आज्या लेकरं होत्या. रात्री चूल विझवायची, लेकराच्या तोंडावर हात ठेवायचा, रानात दडायचं. कित्येक घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. भ्या मात्र गेलं नाही. आम्ही लेकरं असताना गार्ड दिसला की मायसंगं त्याच रानात पळायचो.

आता २००६ चा वनहक्क कायदा आपल्याला १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवा म्हणतो. नियम १३ प्रमाणं दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. जोडीला आणखी एक पुरावा लागतो. म्हणून ग्रामसभेत जबाब लिहून घ्या. कोणतं शेत, कोणता बांध, कोण कसत होतं, नावानिशी सांगू द्या. म्हातारी माणसं हायेत तोवर लिहा!